तीनशेच्या पुढचं बटण

जावईबापू तीनशेवर थांबायला विसरले, ही बातमी सगळ्यांत आधी मला लागली, कारण आमच्या प्रयोगशाळेत कोऱ्या काचपट्ट्या माझ्या कपाटातून जातात. एका नमुन्याला पाच पट्ट्या असा नेम आहे. एका पट्टीवर साठ चौकोन, एका चौकोनात एक शंख, पाच साठे तीनशे. त्या आठवड्यात जावईबापूंनी एकाच नमुन्यासाठी सातवी पट्टी मागितली, मग बारावी, आणि एकविसावी मागायला आले तेव्हा चेहरा असा होता, जणू शेजाऱ्याकडे तिसऱ्यांदा साखर मागायला आलेत. मी वहीत लिहिलं आणि काही विचारलं नाही. मी गप्प राहिले की माणसं आपण होऊन बोलतात, हा माझा तेवीस वर्षांचा अनुभव. जावईबापूंना तर दीड मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असतं, पण ते कोणी वापरत नाही. विभागाच्या मोठ्या बाईंच्या लेकीशी त्यांनी लग्न केलं, बाईंच्याच हाताखाली कामाला लागले आणि बाईंच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले. म्हणजे कामावर बाई डोक्यावर आणि घरी बाई पायाखाली. कामावर त्यांना ‘बाई’ म्हणायचं आणि घरी ‘आई’. ही अदलाबदल त्यांना रोज फाटकाशी करावी लागे. एकदा भर बैठकीत ते “आई, पुढची आकृती दाखवू का” असं म्हणून गेले होते. तीन वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या, तेव्हा या माणसाचे खांदे बोटभर खाली आले. मी पाहिलंय.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला चिवट. जहाजं समुद्राच्या तळात लांब नळ्या ठोकतात, त्यांत गाळ भरून येतो. खालचा गाळ जुना, वरचा नवा. बोटभर गाळ धुवायचा, चाळायचा, वाळवायचा; मग चिमूटभर पांढरी रेती उरते. ती भिंगाखाली धरली की कळतं, ही रेती नाहीच. एकेका कणात खोल्या आहेत, भिंती आहेत, दारं आहेत. तळावर राहणाऱ्या बारीक जिवांची ही घरं. जीव गेला, घर तसंच पडून राहिलं. ते शंख दोन केसांच्या कुंचल्याने एकेक उचलून पट्टीवर मांडायचे. कुंचला ओला करायला जीभ वापरतात. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या पोटात थोडाफार प्राचीन समुद्र आहेच. मोठ्या बाईंच्या पोटात तर चमचाभर असेल.

जावईबापू ज्या नळीवर काम करत होते, तिच्यात एका जागी पांढरा गाळ सुरीने कापल्यासारखा संपतो आणि तपकिरी माती सुरू होते. पाच कोटी साठ लाख वर्षांपूर्वी पृथ्वीला ताप भरला, त्याची ती खूण. हवेत आणि पाण्यात इतका कार्बन आला की समुद्र आंबटला, तळावरचे शंख विरघळले, आणि तळाला राहणाऱ्या जवळजवळ निम्म्या जाती कायमच्या गेल्या. वर वर जाताना तपकिरी रंग हळूहळू फिका होत पुन्हा पांढरा होतो. तेवढ्या हातभर मातीत दीड-दोन लाख वर्षं जातात. त्या गेलेल्या जातींतली एक गोल, जाडजूड, मध्ये खळगे असलेली. तिचं शास्त्रातलं नाव म्हणताना जीभ वळत नाही, म्हणून आम्ही तिला बटण म्हणतो. रेषेखाली बटणंच बटणं. रेषेच्या वर एकही नाही. हे मोठ्या बाईंनी एकेचाळीस वर्षांपूर्वी याच नळीवरून ठरवलं होतं आणि तेव्हापासून त्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

जावईबापूंना बटण सापडलं ते रेषेच्या चार बोटं वर.

झालं होतं असं, की त्यांची बायको, म्हणजे बाईंची लेक, जी दातांची डॉक्टर आहे, पाय मुरगळून आठवडाभर घरी बसली होती. दिवसभर तोंडं उघडायला लावणाऱ्या बाईला घरी कोणी तोंड उघडणारं मिळेना, म्हणून तिने फोन लावला तो नवऱ्याच्या कानात. त्या दिवशी ती दोन म्हाताऱ्या भावांची हकीकत सांगत होती. दोघे एका घरात राहायचे, दोघांच्या कवळ्या रात्री शेजारशेजारच्या पेल्यांत. तीन महिने दोघेही तक्रार करत होते, कवळी बोचते, कवळी सैल झाली. हिने दोघांच्या तीन तीनदा कवळ्या घासून दिल्या, आणि शेवटी कळलं की दोघे एकमेकांची घालत होते. कळल्यावरही बदलायला तयार होईनात, कारण आता सवय झाली होती. जावईबापू हसत होते आणि हात चालू होता. तीनशे कधीच होऊन गेले होते. हसता हसता कुंचल्याच्या टोकाला काहीतरी गोल आलं, आणि ते हसायचे थांबले. नंतर मागे जाऊन मोजलं, तर ते सातशे चौदावं होतं.

मग हा माणूस थांबलाच नाही. चार दिवसांत एकोणीसशे शंख मांडले आणि त्यात आणखी तीन बटणं सापडली. एकूण चार.

आता यात आनंदाचं कारण सांगायला नको. सहा वर्षं जावईबापूंनी जे जे मोजलं ते बाईंच्या आकड्यांशी जुळलं होतं. जुळलं की शाबासकी मिळते, पण आपलं म्हणावं असं काही हाती लागत नाही. त्यांना एक गोष्ट स्वतःची हवी होती, नखाएवढी का होईना. ती मिळाली आणि नेमकी सासूच्या विरोधात मिळाली. ज्या तापात बटणं संपली असं बाईंनी सांगितलं, त्या तापातून चार बटणं जिवंत निघाली होती. शुक्रवारच्या बैठकीच्या फळ्यावर त्यांनी आपलं नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा पुसल्यावर मीच ते शाईने लिहून टाकलं.

घरी सांगायचं कसं, यावर त्यांनी मला तीन बेत ऐकवले. एकात चहा होता, एकात पत्र, आणि एकात ते स्वतः परगावी होते. पण त्यांना कष्ट पडले नाहीत. बुधवारी जेवताना लेकीनेच आईला सांगितलं, तेही मीठ सरकवता सरकवता, की अगं, तुझं ते मेलेलं बटण याला वर सापडलं. जावईबापू म्हणतात, पुढची दहा मिनिटं ताटातला प्रत्येक पदार्थ एकाच चवीचा लागला. बाईंनी एवढंच विचारलं, की उद्या दार किती वाजता उघडतं.

गुरुवारी मी कुलूप काढायला पोचले तर बाई फाटकाशी उभ्या. काखेत स्वतःची उशी, जी त्या खुर्चीवर ठेवून चाळीस वर्षं बसल्या. मला म्हणाल्या, अगं, तू जाड झालीस. मी म्हटलं, बाई, तुम्ही वाळलात. एवढी विचारपूस झाली आणि त्या आत गेल्या.

जावईबापू आले ते थेट चौकशीत. चाळणी दर नमुन्यानंतर निळ्या रंगात बुडवता का, हा पहिला प्रश्न. याला अर्थ आहे. आधीच्या नमुन्यातला एखादा शंख जाळीत अडकला असेल तर तो निळा होतो, आणि पुढच्या नमुन्यात पाहुणा म्हणून ओळखू येतो. जावईबापू म्हणाले, बुडवतो. बाईंनी चारही बटणं भिंगाखाली पाहिली. पांढरी स्वच्छ. मग त्यांनी पट्ट्यांची चळत पाहिली.

“किती मोजले?”

“एकोणीसशे.”

“तीनशेवर थांबायचं असतं. तीनशेत सगळी वस्ती कळते. हे तुम्हाला शिकवलं कोणी?”

“तुम्ही.”

“मग थांबला का नाहीत?”

जावईबापूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तुमची लेक बोलत होती.”

बाई माझ्याकडे वळल्या. त्या हसल्या नाहीत, पण नाकपुड्या फुगल्या. आणि ज्याने वीस वर्षं त्यांच्या हाताखाली घालवली नाहीत त्याला तो राग वाटला असता. मला माहीत होतं की लेक बोलायला लागली की बाई स्वतः भाजी जाळतात.

मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं, उभ्या उभ्या. बटणं खरी आहेत, चाळणीतली नाहीत, हे मान्य. पण ती इथली आहेत कशावरून? समुद्राच्या तळावर किडे असतात, बिळं करतात, खालची माती वर आणतात. त्या मातीबरोबर जुन्या काळचे मेलेले शंखही वर येतात. चार बटणं म्हणजे चार वाचलेले जीव, असं नाही. चार उकरलेली प्रेतं असतील. फरक डोळ्यांना दिसत नाही. फरक कळायचा एकच मार्ग आहे. तापाच्या वेळी समुद्रात जो कार्बन शिरला तो हलका होता. त्या पाण्यात जो शंख वाढला त्याच्या भिंतीत तो हलका कार्बन असतो. आधी वाढलेल्यात नसतो. शंख आम्लात टाकायचा, त्याचा वायू होतो, तो यंत्रात तोलायचा. यंत्र आकडा देतं. एकच्या पुढे आला तर बटण जुनं. शून्याच्या खाली गेला तर ते तापातच जन्मलं आणि तापातच जगलं.

जावईबापूंनी पट्टी हळूच पाठीमागे नेली. शाळेत आंबट गोळी लपवावी तशी.

आम्लात टाकला की शंख संपला, हे त्यात सगळं आलं. चार बटणं, सगळ्या जगात चार, आणि ती वाचली होती हे सिद्ध करायचं तर मारायला हवीत.

यंत्रवाला आमच्याकडचा राजा आहे. त्याच्या यंत्राच्या तारखा तीन महिने पुढच्या असतात आणि तो नाही म्हणतो ते मान न उचलता. त्या दिवशी बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्याची मान आपोआप उचलली गेली, कारण बाईंनी त्याला शिकत असताना दोनदा नापास केलं होतं. शुक्रवारी सकाळी आठ ते बारा, असं तो म्हणाला. बैठक दोनला होती.

शुक्रवारी आम्ही चौघं त्या खोलीत. माझं तिथे काही काम नव्हतं. मी काचकुप्या मोजायच्या निमित्ताने गेले आणि त्या बाराच्या बारा कुप्या चार तास मोजत राहिले. यंत्रवाल्याने आधी सगळ्या बटणांचे फोटो काढले. मग जावईबापूंनी पहिलं बटण उचललं. सातशे चौदावं मात्र त्यांनी बाजूला ठेवलं, ते शेवटी घ्यायचं होतं.

पहिल्याला चाळीस मिनिटं लागली. आकडा आला अधिक एक पूर्णांक दोन. बाई “हं” म्हणाल्या. हे ‘हं’ त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, लेकीकडेही आहे. त्याचा अर्थ, मी काही म्हणत नाही, पण म्हणाले होते.

दुसरं. अधिक एक पूर्णांक चार.

तिसऱ्याच्या वेळी जावईबापूंनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. बाहेर एक माणूस सायकलीत हवा भरत होता आणि ते इतक्या जिव्हाळ्याने पाहत होते, जणू टायर त्यांचाच आहे. तिसरं आलं अधिक एक पूर्णांक एक. तिन्ही जुनी. तिन्ही किड्यांनी वर आणलेली. आणि तिन्ही आता कुठेच नाहीत.

यंत्रवाल्याने मान खाली घातली. मी सातवी कुपी परत मोजली.

मग बाई असं काही बोलल्या, जे मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं; म्हणजे माझ्या वीसांत, आणि आधीची वीस वर्षं लोकांकडून ऐकलेली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “चौथं राहू द्या. ठेवा तसंच पट्टीवर. दुपारी सांगा, की असू शकेल, तपास चालू आहे. मी मागच्या रांगेत बसेन आणि एक शब्द बोलणार नाही.”

बाई मायेनेच बोलल्या होत्या, यात शंका नाही. पण जावईबापूंचा चेहरा लालबुंद झाला. सहा वर्षं त्यांनी या बाईंची बोलणी खाल्ली होती. त्यांचं गप्प बसणं मात्र त्यांना झेपेना.

“बाई, तुम्ही गप्प बसणार असाल, तर मला ते बटणच नको,” असं म्हणून त्यांनी कुंचला जिभेला लावला, सातशे चौदावं उचललं आणि कुपीत सोडून दिलं.

मी वर पाहिलं नाही. कुप्यांमधून पाहिलं. बाई खुर्चीवर उशी नीट करत होत्या, जी नीटच होती.

ती चाळीस मिनिटं कशी गेली ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की यंत्रवाल्याने त्यात आपल्या दाढदुखीची सगळी कथा सांगितली आणि जावईबापूंनी त्याला बायकोच्या दवाखान्याची वेळ लिहून दिली, अक्षर अगदी सरळ काढून.

आकडा आला. यंत्रवाल्याने वाचला नाही. तो खुर्चीसकट बाजूला सरकला.

उणे शून्य पूर्णांक आठ.

बाईंनी चष्मा कपाळावर केला, पडद्याजवळ गेल्या, चष्मा खाली घेतला, लांब गेल्या. मग विचारलं, यंत्र ठीक आहे का. आकडा आधीच माहीत असलेल्या दगडाची पूड मध्ये मध्ये तोलतोस ना रे? यंत्रवाल्याने आधीचं वजन दाखवलं, नंतरचंही करून दाखवलं. दोन्ही जिथल्या तिथे. बाई परत पडद्याशी. आणि मग त्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्या जवळच्या स्टुलावर बसल्याच. त्यांना हसताना पाहून जावईबापूंना सुटलं, मग मला. बारा कुप्या टेबलावर आडव्या झाल्या.

“पण मग ते आहे कुठे?” यंत्रवाल्याने विचारलं. उत्तरही त्यानेच दिलं. “फोटो आहे, जन्माचा दाखला आहे, आणि माणूस नाही.”

यावर बाई इतक्या हसल्या की मी पाणी आणायला धावले. परत आले तर त्या रुमालाने डोळे पुसत बोलत होत्या आणि शब्द हसण्यात बुडत होते. पृथ्वीला लाख वर्षांचा ताप. निम्मा समुद्र आंबटून मेला. त्यातून एक बटण वाचलं, पाच कोटी वर्षं गप्प पडून राहिलं, आणि माझ्या जावयाच्या थुंकीवर बसून सरळ आम्लात गेलं.

हसू ओसरल्यावर मात्र त्या चटकन उठल्या. एका आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणाल्या, आणि ठेवूही नये. मी असते तर फाडून खाल्लं असतं. पण एकटं बटण जन्माला येत नाही. त्याला आई असणार. त्याला शेजार असणार. हजारात एखादं, दोन हजारांत एखादं, पण आहे. थोडीशी कुठेतरी तग धरून बसली होती आणि मी तीनशे मोजून उठून गेले. दर वेळी. एकेचाळीस वर्षं.

हे शेवटचं त्या कोणाला उद्देशून बोलल्या नाहीत.

बैठकीत जावईबापूंनी चारही आकडे फळ्यावर लिहिले, तीन जुने आणि एक नवा, आणि चौथा शंख आता नाही हेही सांगितलं. बाईंनी मागच्या रांगेतून सतरा प्रश्न विचारले. मी मोजले. त्यांतल्या चौदांची उत्तरं आली आणि तीन प्रश्नांना जावईबापू “माहीत नाही” म्हणाले, तेही मान वर करून. बाहेर पडताना दोघे भांडत होते, एकदम मोकळेपणी, आणि ते त्यांना ‘आई’ म्हणत होते की ‘बाई’, याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

शनिवारी सुट्टी असते. तरी मला किल्ली घेऊन यावं लागलं. त्या नमुन्याची उरलेली रेती एका डबीत होती, बोटाच्या पेराएवढी. बाईंनी ती दोन काळ्या ताटल्यांत वाटली. एका भिंगाशी सासू, एका भिंगाशी जावई. लेक लंगडत डबे घेऊन आली आणि तिला दोघांच्या मध्ये बसवून बाईंनी सांगितलं, की बोलायचं असेल तर बोल, पण हसवायचं नाही, श्वासाने रेती उडते. लेक म्हणाली, आई, हसू न येणारी एकही गोष्ट माझ्याकडे नाही. आणि तिने टेबलावर डोकं ठेवून झोप काढली.

दुपारचं ऊन ताटलीवर आलं तेव्हा बाईंचा कुंचला थांबला. त्यांनी डोळा भिंगावरून काढला, परत लावला, परत काढला. मग त्या खुर्चीवरून उठल्या आणि जावईबापूंना आपल्या उशीवर बसायची खूण केली.

जावईबापू बसले. भिंगात पाहिलं. बाई शेजारी उभ्या राहिल्या, टेबलाची कड धरून, जसे त्यांच्यापुढे चाळीस वर्षं विद्यार्थी उभे राहिले होते.

“आहे का?” त्यांनी विचारलं. “नीट पाहा. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत.”

जावईबापूंनी घाई केली नाही. शंख कुंचल्याने उलटा केला, सुलटा केला, मधले खळगे मोजले.

“आहे,” ते म्हणाले.

बाईंनी लेकीला हलवून जागं केलं.